‘कमवा व शिका’त नाव घालावं का? लायब्ररीच्या काउंटरवरून सांगते

आधी पैशाचं बोलते, कारण बारावीनंतर पुण्याला येणारं प्रत्येक पोर पहिला प्रश्न तोच विचारतं. ‘कमवा व शिका’ म्हणजे कॉलेजातच काम करून तासाप्रमाणे पैसे मिळवायची योजना. मी त्यात लागले तेव्हा आमच्या कॉलेजात तासाला ४५ रुपये मिळायचे. रोज तीन तास काम, रविवार आणि सुट्ट्या वगळून. महिन्यात २४ दिवस भरले असं धरलं तर ३,२४० रुपये होतात. त्यात दोन वेळच्या मेसचं भागतं. कॉटचं भाडं भागत नाही, परीक्षेची फी भागत नाही, आणि गावाला जायच्या एसटीचे पैसे घरूनच मागवावे लागतात. “पोरगी पुण्यात स्वतःच्या हिमतीवर शिकतीय,” असं आमचे आबा पारावर सांगतात ते ऐकायला बरं वाटतं. दर एक तारखेला फोनपेवर पैसे तेच टाकतात, हे मात्र ते पारावर सांगत नाहीत.

तरीसुद्धा नाव घालाच, असं माझं मत आहे. निव्वळ पैशासाठी घालाल तर दिवाळीपर्यंत कंटाळाल. पण कॉलेजात आपल्याला कुणीतरी नावानं हाक मारावी, एखाद्या दारातून न विचारता आत जाता यावं, यासाठी घालणार असाल तर योजना भरपूर देते. मी पाचपैकी साडेतीन देईन. उरलेले दीड का कापले ते पुढं येतंच.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं चालते. कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून एक सर किंवा मॅडम असतात, अर्ज त्यांच्याकडं द्यायचा. आमच्या कॉलेजचं नाव सांगत नाही. पुढं थोड्या तक्रारी करायच्या आहेत आणि माझा धाकटा भाऊ अजून तिथंच शिकतोय.

अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट, आधार, बँकेचं पासबुक. मग मुलाखत. मुलाखत म्हटल्यावर मी आदल्या रात्री मैत्रिणीकडून इस्त्री मागून ड्रेसला फिरवली होती. प्रश्न निघाले भलतेच.

“गाव?”

“करमाळा तालुका, सर.”

“मग उजनीचं पाणी असेल. ऊस, केळी?”

“पाणी पश्चिमेला आहे सर. आम्ही पूर्वेला.”

सर हसले. त्यांचं मन वाईट नव्हतं, पण पुढचे सगळे प्रश्न जमीन किती, भावंडं किती, घर पक्कं की कच्चं, असेच. काय येतं, काय शिकायला आवडेल, हे एकदाही विचारलं नाही. बाकावर माझ्याशेजारी बसलेल्या परभणीच्या मुलीचं उत्पन्न दाखल्यावर जरा जास्त दिसत होतं. ती घरचं आजारपण सांगता सांगता रडायला लागली. गरिबी सिद्ध करून दाखवायची ही पद्धत मला तेव्हाही खटकली. माझ्या दीडमधला अर्धा गुण इथंच गेला.

कामाच्या वाटणीत डोकं फारसं चालवत नाहीत. बहुतेक मुलगे बागेत, टायपिंग येणारे ऑफिसात, विज्ञानवाले प्रयोगशाळेत काचसामान धुवायला आणि उरलेले लायब्ररीत. बागेचं काम सकाळी सातला सुरू होतं. खुरपणं, आळी करणं, पाणी घालणं. गावाकडून आलेल्यांना यात नवीन काही नाही, पण मोकळ्या हवेत गप्पा होतात, आणि दहाला काम उरकून माणूस लेक्चरला मोकळा. ऑफिसचं काम बाहेरून सगळ्यांत प्रतिष्ठेचं दिसतं. पंख्याखाली खुर्ची, समोर कॉम्प्युटर. तिथं एक्सेल चांगलं येतं हे खरं. पण तिन्ही तास फायलींत तोंड खुपसून बसायचं, परीक्षा आली की बाकांवर नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवत फिरायचं; माणसांशी संबंध खिडकीच्या जाळीतून, तोही “उद्या या” एवढाच. ऑफिसात दोन वर्षं काढलेली माझी रूममेट आजही कॉलेजात फार कुणाला ओळखत नाही. प्रयोगशाळेबद्दल ऐकीव आहे, म्हणून बोलत नाही.

मला लायब्ररी मिळाली.

पहिले काही आठवडे काउंटर देत नाहीत. परत आलेली पुस्तकं ढकलगाडीवर घालायची आणि आत रॅकवर जाग्यावर लावायची. हे काम मला मामांनी शिकवलं. पुण्यातल्या कॉलेजांत शिपायांना सगळे मामाच म्हणतात, प्राचार्यसुद्धा. मी पुस्तकं उघडून नावं वाचत बसले होते तर मामा म्हणाले, “पोरी, पुस्तकाचं तोंड बघू नको, पाठ बघ. पत्ता पाठीवर असतो.” पाठीवर नंबराची चिठ्ठी. मराठी साहित्य ८९१.४६ ला. त्यापुढं १ असला की कविता, २ असला की नाटक, ३ असला की कथा-कादंबरी. ९५४ ला भारताचा इतिहास, ३३० ला अर्थशास्त्र. आमच्या घरात जे चालतं ते ६३०, शेती. त्या रॅकपाशी कुणी फिरकत नसे. कला आणि वाणिज्यवाल्यांच्या कॉलेजात शेतीची पुस्तकं कुणी घेतली कोण जाणे. ऊस आणि ठिबकवरची दोन मी आबांसाठी माझ्या कार्डावर नेली. आबांनी दोन्ही वाचून अभिप्राय दिला की लिहिणारा रानात गेलेला दिसत नाही.

आत काम करताना लायब्ररीची गुपितं कळतात. परीक्षेच्या आधी पुस्तकं लपवतात हे मला माहीत नव्हतं. कॉस्टिंगचं पुस्तक खरं तर ६५७ ला हवं. कॉम्प्युटर म्हणतो पुस्तक आत आहे, रॅकवर मात्र जागा रिकामी. मामा सरळ उठले, २९४.५ ला गेले आणि ज्ञानेश्वरीच्या टीकाग्रंथांमागं हात घालून कॉस्टिंगच्या तीन प्रती काढल्या. “ह्या बाजूला पोरं येत नाहीत ना, म्हणून इथं ठेवतात,” म्हणाले. दरवर्षी मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये ते आधी तिथंच बघतात. त्यानंतर दर शनिवारी मीही धर्म आणि तत्त्वज्ञानाच्या मागच्या फळ्यांवरून हात फिरवायला लागले. एकदा तिथं कुणाचा तरी डबा सापडला. उघडला नाही.

मग देवघेवीचा काउंटर मिळाला आणि तिथून माझं कॉलेज खऱ्या अर्थानं सुरू झालं. त्याआधीचे महिने सांगण्यासारखे नाहीत. वर्गात शंभरावर मुलं. पुण्याची मुलं शाळेपासूनचे ग्रुप घेऊन येतात, त्यांचा कट्टा ठरलेला, चहाची टपरी ठरलेली, हसण्याचे विषयसुद्धा ठरलेले. कुणी हाकलत नाही, पण सरकून जागाही देत नाही. काउंटरवर बसल्यावर तीच मंडळी रोज समोर यायला लागली, हातात पुस्तकं न्यायचं बी.टी. कार्ड घेऊन. ज्या मुलीनं तोवर माझ्याकडं बघितलं नव्हतं ती काउंटरवर वाकून म्हणते, “ए, दंड माफ कर ना गं, प्लीज.” दंड दिवसाला एक रुपया. माफ करणं माझ्या हातात नव्हतं. सॉफ्टवेअरच तो लावतं. पण “नाही जमत, मॅडमना विचार” हे हसून म्हणायला शिकले, आणि त्या हसण्यातनं बोलणं सुरू झालं. दिवाळीपर्यंत निम्मा वर्ग मला नावानं ओळखत होता आणि मला प्रत्येकाचं नाव, आडनाव, वाचनाची आवड, विसरभोळेपणा, सगळं ठाऊक झालं होतं. प्राध्यापकही तिथंच ओळखीचे होतात. वर्गात मागच्या बाकावरून हात वर करायला मला धीर व्हायचा नाही. काउंटरवर तेच सर पुस्तक शोधत थांबलेले असले की विचारायला काही वाटत नाही.

काउंटरवर सगळ्यांत जास्त कळतात ती एकटी मुलं. नंदुरबारमधल्या धडगावकडचा एक मुलगा रोज पेपर वाचायला यायचा आणि दिवे बंद करेपर्यंत बसायचा. मराठी जपून बोलायचा, घरी पावरी बोली. महिनाभरानं त्यानं खाली बघत विचारलं, “मॅडम, इथं काम भेटतं का?” मला मॅडम म्हणणारा तो पहिलाच. वर्षाचा मधला काळ होता, तरी सरांकडं घेऊन गेले; बागेतला एक जण सोडून गेला होता, ती जागा त्याला मिळाली. पुढं तो बागेतल्या पोरांचा म्होरक्या झाला आणि मला ताई म्हणायला लागला. अशी दारं योजना उघडते, पण कुणीतरी सांगावं लागतं. सूचनाफलकावर ए-फोर कागदावर बारीक अक्षरात लावलेली नोटीस अशा मुलांपर्यंत पोचत नाही.

१५ ऑक्टोबरला, कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी लायब्ररीच्या मॅडमनी मला एक टेबल दिलं आणि म्हणाल्या, “तुझ्या मनानं लाव.” मी सगळी आत्मचरित्रं काढली, तीही बायकांनी लिहिलेलीच. संध्याकाळपर्यंत टेबल निम्मं रिकामं झालं. दोन वर्षांतलं माझं सगळ्यांत आवडतं काम ते. त्याचे तास मस्टरवर लागले नाहीत, तो भाग निराळा.

मस्टरवरून आठवलं. आता तक्रारी.

पैसे वेळेवर येत नाहीत. दिवाळीआधीच्या कामाचे आम्हाला संक्रांत झाल्यावर मिळाले. हजेरीवर विभागप्रमुखांची सही, मग विकास अधिकाऱ्यांची, मग ऑफिसची. त्यातलं एक माणूस रजेवर गेलं की कागद तिथंच. ज्याच्यासाठी योजना आहे त्यालाच तीन महिने उधारीवर काढता येत नाहीत. आमच्या मेसच्या काकू चांगल्या म्हणून वहीत लिहून घेत गेल्या. दुसरं, मे महिन्यात काम बंद. परीक्षा संपून गावाला जाणाऱ्याला फरक पडत नाही, पण पुण्यातच राहून अभ्यास करणाऱ्याची मेस मे महिन्यात बंद नसते. तिसरी तक्रार काही थोड्या लोकांबद्दल. तीन तासांचं पोर हाताशी मिळालं की घरचं कामही सांगतात. एका सरांनी बागेतल्या मुलाकडून स्वतःच्या लेकीचा शाळेचा प्रोजेक्ट करून घेतला. थर्माकोलचा किल्ला होता. पोरानं इतका उत्तम केला की पुढच्या वर्षी सरांच्या शेजाऱ्यांचाही आला.

आणि २२ सप्टेंबर, कर्मवीर जयंती. हॉलमधल्या खुर्च्या आम्ही मांडायच्या, हार आम्ही आणायचा, फोटोपुढची रांगोळी आमच्यातल्या मुलींनी काढायची. कार्यक्रमात “श्रमप्रतिष्ठा” या विषयावर पाऊण तास भाषण, आणि ते ऐकायला आम्ही सगळ्यांत मागं उभे, कारण पुढच्या खुर्च्या पाहुण्यांना. शेवटी “योजनेच्या विद्यार्थ्यांनी फोटोसाठी पुढं यावं.” गेलो. फोटो चांगला आलाय.

मी कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेली. शर्टच्या खिशावर वडाचं झाड होतं आणि अण्णांची, म्हणजे कर्मवीरांची, गोष्ट पाचवीपासून पाठ. ४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काले गावात संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह आलं. १९२७ मध्ये गांधीजी तिथं आले आणि त्यांच्या हस्ते त्याचं नाव छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस झालं. सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीला जेवायची, आणि धान्य संपलं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासकट, मोडले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेही याच पायावर: मुलांनी राबायचं आणि शिकायचं. शाळेत हे सगळं मी परीक्षेपुरतं वाचलं होतं. काउंटरवर बसल्यावर एक फरक ध्यानात आला. त्या बोर्डिंगात राबायचं सगळ्यांनीच. त्यामुळं कामानं कुणावर शिक्का बसत नव्हता. आमच्या कॉलेजात हजारो पोरं, त्यात काम करणारी मूठभर, आणि ती दाखला देऊन निवडलेली. साहजिकच बागेत खुरपं घेतलेला मुलगा दिसला की बघणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो त्याच्या बापाच्या उत्पन्नाचा. बागेतली दोन पोरं वर्गातल्या मुली जवळून गेल्या की झाडामागं व्हायची. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

माझी मामेबहीण अमेरिकेत एमएस करते. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना तिथं सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. ती डायनिंग हॉलच्या दारात बसून जेवायला येणाऱ्यांची कार्डं तपासते. माझ्यासारखाच काउंटर. मी विचारलं, मुलाखतीत काय विचारलं? म्हणाली, शनिवारी सकाळी यायला जमेल का, एवढंच. तिच्यासोबत टेबलं पुसणारा मुलगा डॉक्टरांचा आहे, आणि सुट्टीत गिटार घ्यायचीय म्हणून काम करतो. तिकडंही घरच्या परिस्थितीवर मिळणारं सरकारी काम आहे, १९६४ सालच्या कायद्यातलं. तिथल्या नागरिक मुलांसाठी. पण ते आणि बाकीचं काम एकाच हॉलमध्ये, एकाच ॲप्रनमध्ये चालतं. कोण कशावर आलाय हे बघून कळत नाही, असं ती म्हणते. तिकडचं सगळं गोड आहे असं नाही. तिची फी ऐकून तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या मामांना, रात्रभर झोप आली नव्हती. पण एवढी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे, आणि तिला पैसा लागत नाही. उत्पन्नाची अट पैसे देताना लावा. काम करायला मात्र प्रभात रोडच्या सुखवस्तू पोरालाही येऊ द्या. दोन तास शेजारी खुरपलं की कट्ट्यावर जागा आपोआप होईल.

हे नुसतं बोलणं नाही, कारण कॉलेजात असं होताना मी दोन ठिकाणी बघितलंय.

एक एनएसएस. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ ची, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षातली. वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर. १२० तासांबद्दल माझं मत फार बरं नाही. आमच्याकडं त्यातले बरेच तास फलक घेऊन रॅलीत चालण्यात, फोटो काढण्यात आणि गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात नवीन रोप लावण्यात गेले. शिबिर मात्र चुकवू नका. झेडपीच्या शाळेत मुक्काम, पहाटे प्रभातफेरी, मग डोंगरावर पाणी अडवायला सलग समतल चर खणायचे. टिकाव धरायचा कसा हे ज्याला येतं तो तिथला राजा. कोथरूडच्या ज्या मुलींनी मला वर्षभर “तुमच्याकडे” आणि “आमच्याकडे” करून दाखवलं होतं त्यांच्या हाताला पहिल्याच दिवशी फोड आले. मी त्यांना पदर, म्हणजे ओढणी, हाताला कशी गुंडाळायची ते दाखवलं. रात्री पन्नास जणांच्या भाकरी थापायला बसलो तेव्हा त्यांच्यातली एक माझ्याहून पातळ भाकरी थापायला लागली, याचा मला मनापासून राग आला. आम्ही अजून भांडतो आणि अजून भेटतो.

दुसरं नाटक. पुरुषोत्तम करंडकाचा ग्रुप कॉलेजात म्हणजे वेगळीच जात. १९६३ पासून ही एकांकिका स्पर्धा चालू आहे, आणि भरत नाट्य मंदिरात “अरे आव्वाज कुणाचा” सुरू झालं की अंगावर काटा येतो, मग नाटकात आपलं काही असो वा नसो. माझं होतं. लायब्ररीत नाटकांच्या संहिता शोधायला ती पोरं यायची, ८९१.४६२ ला. एकदा दिग्दर्शकानं विचारलं, “तुला सगळ्या वस्तू कुठं ठेवल्यात ते लक्षात राहतं का गं?” राहतं म्हटलं. झालं, प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणारं सामान, माझ्याकडं. कंदील, पत्र्याची पेटी, तुटका आरसा, दुसऱ्या प्रवेशातला चहाचा कप उजव्या विंगेत. बॅकस्टेजला काळे कपडे घालतात, त्या अंधारात कोण कुठल्या पेठेतला हे दिसत नाही. नेपथ्य लावायला मोजकी मिनिटं असतात आणि तेवढ्यात नायक स्वतः पेटी उचलून पळतो.

नाटकवाल्यांचा एक दोष सांगते. तालमी रात्री चालतात, आणि ज्यांचं घर पुण्यात, ज्यांच्याकडं गाडी, त्यांच्याच सोयीनं चालतात. आमच्या हॉस्टेलचं दार नऊला बंद व्हायचं. मुलींना सोडायला कुणीतरी गाडी काढायचं, पण रोज कुणाचे उपकार घ्यायचे? शेवटी मीच दिग्दर्शकाला म्हटलं, प्रॉपर्टीची तालीम आठच्या आत उरकत असेल तर मी आहे, नाहीतर दुसरं माणूस बघ. त्यानं वेळ बदलली. आधीच्या मुलींनी बोलायचा धीर केला नव्हता आणि तशाच गळल्या होत्या, हे नंतर समजलं.

आमच्या ‘कमवा-शिका’वाल्यांचा असा वेगळा ग्रुप नसतो असं समजू नका. संध्याकाळी साडेसहाला सगळ्या विभागांतली सुटलेली पोरं मागच्या गेटपाशी जमतात. एक चहा दोघांत. परभणीची ती मुलगी, हो, रडून का होईना तिला काम मिळालं, ती ऑफिसातल्या बातम्या आणते. बागेतले कुठल्या सरांची बदली होणार ते सांगतात. आणि माझ्या घरून शेंगाचटणी आली की डबा गेटवरच संपतो. पैसे अडकले तेव्हा आम्ही सगळे मिळून गेलो, ओरडाआरडा न करता, प्रत्येकाच्या तासांची यादी हातात घेऊन. यादी परभणीच्या पोरीनंच एक्सेलमध्ये केली होती. पुढच्या आठवड्यात पैसे आले. एकेकट्यानं विचारत होतो तोवर “उद्या या”च होतं.

तर पुढच्या जूनमध्ये येणाऱ्यांना: उत्पन्नाचा दाखला गावाकडूनच सेतू केंद्रातून काढून घेऊन या, पुण्यात आल्यावर त्यासाठी धावपळ होते आणि अर्जाची मुदत थांबत नाही. बँकेचं खातं आधारला जोडलेलं आहे का ते तपासा. विज्ञानाला असाल तर प्रॅक्टिकलचं वेळापत्रक हातात आल्याशिवाय कामाची वेळ कबूल करू नका. मस्टरचा फोटो दर शनिवारी काढून ठेवा. मुलाखतीत सरांनी जमिनीचं विचारलं तर सांगा, आणि त्यानंतर स्वतःहून सांगा की मला लायब्ररीच्या काउंटरवर, संध्याकाळच्या पाळीत काम हवं आहे. संध्याकाळी गर्दी असते आणि मामा चहा मागवतात.